पेठ सावरायची तर आधी काय: पाट्या, वाहनबंदी की वर्गणी?

जुन्या मेन रोडवर दुपारी एक फेरी मारली की पेठेची तब्येत कळते. दोन-तीन गाळ्यांची शटर कायमची खाली, उरलेल्या दुकानांत मालक दारात बसलेला आणि गिऱ्हाईक बायपासवरच्या शोरूमकडे नाहीतर मोबाइलवर. मग व्यापारी संघाची बैठक बसते आणि तीन सूचना हमखास येतात: रस्ता देखणा करू, गाड्या बंद करू, सगळ्यांनी पैसे काढून काहीतरी करू. या तिन्ही वाटांनी कुणी ना कुणी जाऊन आलं आहे. त्यातली एक निवडताना मी दोनच गोष्टी तपासेन. पैसे कोणाच्या खिशातून जातात, आणि फसलं तर मागे फिरता येतं का?

आधी पाट्यांची वाट. मुंबईत सीएसएमटीपासून हुतात्मा चौकाकडे जाणारा दादाभाई नौरोजी रस्ता आठवा. दगडी कमानींच्या त्या रांगा दुकानांच्या अवाढव्य बोर्डांखाली झाकून गेल्या होत्या. 1990च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी नियमावली तयार केली आणि बोर्ड कमानीच्या आत बसेल एवढाच ठेवायचं ठरलं. मोठं काम त्यानंतरचं होतं: दुकानदारांना एकेक करून भेटणं, पटवणं. पुष्कळांनी स्वतःच्या खर्चाने बोर्ड बदलले. 2004 साली या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

ही वाट स्वस्त आहे आणि तिचा खरा फायदा सौंदर्याहून वेगळा आहे. एकमेकांशी स्पर्धा करणारी माणसं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकत्र येतात. पण त्या रस्त्याला माणसांची ददात कधीच नव्हती, शेजारी मुंबईचं सगळ्यात मोठं स्टेशन आहे. तुमच्या पेठेत माणूसच फिरकत नसेल, तर सुबक पाटी वाचायची कोणी?

दुसरी वाट वाहनबंदीची. बैठकीत सर्वाधिक आवाज चढतात ते इथे. पुण्यात महापालिका 2021पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन करते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. चेन्नईत टी. नगरच्या पाँडी बाजारात रुंद फुटपाथांचा रस्ता नोव्हेंबर 2019मध्ये खुला झाला, तिथे गाड्या चालतात पण जागा चालणाऱ्याला मिळाली. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे 1.3 किलोमीटरचा पट्टा सप्टेंबर 2021पासून सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंद आहे. नियम कडक, अंमल ढिला: दुचाक्या घुसतात, आणि माल कधी उतरवायचा हा घाऊक व्यापाऱ्यांचा प्रश्न उरतोच.

उलट बाजूही पाहा. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझू गावाने 1959 साली मुख्य रस्ता गाड्यांना बंद केला, तो देशातला असा पहिला प्रयोग. त्याचं पाहून पुष्कळ गावांनी तेच केलं. पुढे बहुतेकांनी रस्ते परत उघडले, 1998मध्ये कॅलमझूनेही काही भागात गाड्या परत सोडल्या. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोचा 1964चा पादचारी रस्ता 2017मध्ये पुन्हा वाहनांचा झाला. अमेरिकेतल्याच बोल्डर आणि बर्लिंग्टन इथले पादचारी रस्ते मात्र अजून गजबजलेले आहेत. मला यातला फरक असा दिसतो की जिथे चालत येणारी माणसं आधीपासून होती तिथे बंदी टिकली, आणि जिथे ती बंदीमुळे येतील अशी आशा होती तिथे रस्ता ओस पडला.

म्हणून आधी मोजा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये 2006 साली एका बाजाररस्त्यावर दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं गाडीने येतात? त्यांचा अंदाज 41 टक्के, प्रत्यक्षात निघाली 22. फार जवळून येणाऱ्यांचा अंदाज 12 टक्के, निघाले 42. दुकानदार खोटं बोलत नव्हते. दारासमोर लावलेली गाडी डोळ्यांत भरते, पिशवी घेऊन चालत आलेल्या बाईची नोंद कुठेच होत नाही. आपल्याकडेही कॉलेजची दहा मुलं दोन दिवस चौकात उभी करा, त्यातला एक दिवस आठवडे बाजाराचा. कसे आलात, कुठून आलात, किती दुकानांत गेलात, एवढे तीन प्रश्न पुरेत.

तिसरी वाट वर्गणीची. कॅनडातल्या टोरांटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजारभागात 1960च्या दशकात भुयारी रेल्वे आली. वर ट्राममधून उतरणारं गिऱ्हाईक जमिनीखाली गेलं आणि बाहेर नवे मॉल उभे राहिले. दुकानदारांनी ऐच्छिक वर्गणी काढली तेव्हा जे होतं तेच झालं: दिवे सगळ्यांच्या दारात लागतात, पैसे मोजके देतात. शेवटी त्यांनीच सरकारला सांगितलं की आमच्यावर सक्तीची आकारणी बसवा. 1970 साली जगातला असा पहिला व्यापारी सुधारणा विभाग तिथे उभा राहिला. मालमत्ता कराबरोबर महापालिका पैसे गोळा करते आणि ते विभागाच्या मंडळाकडे देते. नगरसेवकही त्या मंडळावर असतो. आज टोरांटोत असे 80हून अधिक विभाग आहेत.

मला ही वाट मनापासून आवडते, पण आपल्या पेठांत ती जशीच्या तशी चालणार नाही. तिथे आकारणी मालकावर बसते आणि तो ती भाड्यातून वसूल करतो. आपल्याकडे जुन्या पेठांमधले कितीतरी गाळे पागडीचे. मालकाला नाममात्र भाडं मिळतं, भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. कर मालकाने भरायचा आणि फायदा दुकानदाराला, हे मालक का ऐकेल? तेव्हा वर्गणी गाळा चालवणाऱ्याकडूनच घ्यावी, दुकानाच्या दर्शनी रुंदीप्रमाणे आणि दरमहा. तिचा पहिला खर्च दिव्यांवर नको, एका पगारी माणसावर हवा. अमेरिकेत 1977 साली तीन छोट्या गावांत सुरू झालेला मेन स्ट्रीट कार्यक्रम अशाच पूर्णवेळ व्यवस्थापकावर उभा राहिला. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात संघ चालवणाऱ्यांकडून एवढं काम होत नाही.

तिन्ही वाटांत सारखीच चूक होते: संघ फक्त गाळेवाल्यांना विचारतो. पथारीवाले आणि हातगाडीवाले गर्दी आणतात, तुळशीबागेत उभं राहिलं की हे पटतं. 2014च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांच्या असतात, त्या प्रतिनिधींना पहिल्याच बैठकीला बोलवा. आणि बायकांना विचारा. लग्नाचा बस्ता बांधायला घरातल्या पाचजणी येतात, तीन-चार तास फिरतात, आणि पेठेत एकही धड स्वच्छतागृह नसतं. बायका मॉलमध्ये जातात याचं कारण नेहमी भावच असतं असं नाही.

माझा कौल विचाराल तर मोजणीवर ठरवेन. लोक चालत येतायत पण पाय ठेवायला जागा नाही, तर वाहनबंदीची चाचणी घ्या. त्यात बॅरिकेड आणि भाड्याच्या खुर्च्या लागतात, जमलं नाही तर संध्याकाळी सगळं उचलता येतं. काँक्रीट ओतल्यावर ते शक्य नाही. लोक येतच नसतील तर वर्गणी आणि पूर्णवेळ माणूस, तिथे रस्ता बंद करणं घातक. आणि दुकानदार एकमेकांशी बोलतही नसतील तर पाट्यांपासून सुरुवात करा, निदान दहा दुकानं.

चाचणी दिवाळीत घेऊ नका, त्या गर्दीत काहीच कळत नाही. संक्रांत उलटल्यावरचा एखादा साधा शनिवार धरा आणि तुलनेसाठी त्याआधीच्या चार शनिवारांचा गल्ला पंधरा-वीस दुकानदारांकडून बंद पाकिटात लिहून घ्या.