पाणकणीस की वेखंड?

पोहण्याच्या नैसर्गिक तळ्यात, म्हणजे क्लोरीनऐवजी वनस्पतींकडून पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या तळ्यात, निम्म्याच्या आसपास जागा वनस्पतींना सोडायची आणि तिथे मातीऐवजी धुतलेली खडी टाकायची, इथवर तुम्ही आला असालच. खडीत लावायचं काय, इथे घोळ सुरू होतो. माझ्याकडे आधी पाणकणीस होतं, म्हणजे ती तपकिरी कणसांची उंच, गवतासारखी पाणवनस्पती; आता वेखंड आहे.

पाणकणसाला उगाच नावं ठेवणार नाही. लावल्यावर पहिल्याच हंगामात पाणी निवळलं. वाढ दांडगी, त्यामुळे पाण्यातलं नत्र-स्फुरद भराभर ओढतं, आणि शेवाळाला खायला फारसं उरत नाही. गुडघाभर पाण्यातही ते खुशाल उभं राहतं. वेखंडाला मात्र काठचं चार बोटं पाणीच मानवतं, शिवाय जम बसायलाही वेळ लागतो. माझं पाणी मधले काही महिने हिरवटच होतं, तेव्हा घाई असेल त्याने याच्या वाटेला न गेलेलं बरं.

पण ती कणसं! एकेका कणसात लाखाच्या वर बिया असतात आणि प्रत्येकीला कापसाचं शेपूट. कणीस फुटलं की सगळा कापूस पाण्यावर. पोहून वर आलो की दाढीपासून पोटरीपर्यंत पांढरी लव चिकटलेली, पुसायला जावं तर टॉवेलही वाया. पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या जाळीवर तर गोधडीसारखा थर बसायचा. पिकण्याआधी कणसं छाटून पाहिली, पण मधली दोन-चार हाताला लागत नाहीत आणि तेवढी पुरतात. मुळं दुभाजक भिंतीवरून पोहायच्या बाजूला डोकावायची, ते मी एक वेळ चालवून घेतलं असतं.

शेवटी देठ पाण्याखाली कापले. हवा तुटली की मूळ गुदमरतं. ते कुजायच्या आत उपसावं मात्र लागतं, नाहीतर शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात. त्या उपसण्यात माझे चार रविवार गेले.

तळं मोठं असेल, वाकून छाटणी करायची हौस असेल, तर पाणकणीसही चालेल, माझी ना नाही. वेखंड घेणार असाल तर कंद खडीत खोल पुरू नका, पाठ जराशी उघडी राहू द्या. आणि वाळकी पानं काढताना बोटांना जो वास लागतो, तो लगेच धुऊ नका.