तूर पेरायची की सोयाबीन? हिशेबात ब्रह्मदेशही धरा

२०२५ चा मृग तोंडावर आला होता. औसा तालुक्यातल्या माझ्या धाकट्या चुलतभावाचा फोन आला, "दादा, पाच एकर मोकळं हाय. सोयाबीन पेरू का तूर?" जमीन, मर आणि येलो मोझॅकसारखे रोग हे त्याला माझ्याहून जास्त कळतं. म्हणून मी दुसऱ्या बाजूनं उत्तर दिलं. परदेशातल्या कुठल्या गडबडीनं कुठल्या पिकाचा भाव हलतो, आणि तेव्हा दिल्ली काय करते?

आधी तूर. त्या वर्षीच्या जानेवारीत लातूरच्या आडतीवर खरेदीदारानं माझ्या ७११ वाणाच्या तुरीच्या ढिगातून मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडून ओल पाहिली आणि बोली लावायच्या आधी फोन करून चेन्नईला 'लेमन'चा भाव विचारला. लेमन म्हणजे ब्रह्मदेशची, म्हणजे म्यानमारची तूर. बोली त्यानंतर लागली.

ब्रह्मदेशात १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याविरुद्ध ठराव आला, भारत तटस्थ राहिला. त्याच महिन्यात तिथून पाच वर्षं दरसाल १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद आणायचा करार झाला. तटस्थतेचं मुख्य कारण डाळ होतं असं मी म्हणणार नाही. १,६४३ किलोमीटरची सरहद्द, ईशान्येतले बंडखोर गट, मिझोराममध्ये आलेले निर्वासित, तिथला चीनचा वावर, ही ओझी त्याहून जड आहेत. पण बोलणं तुटलं नाही, तशी आवकही तुटली नाही. जानेवारी २०२४ पासून तर पंजाब नॅशनल बँकेमार्फत रुपया आणि तिथलं चलन क्यात असा थेट व्यवहार सुरू झाला.

मोझांबिकचंही तसंच. २०१६ मध्ये डाळ महागली तेव्हा तिथून दरसाल २ लाख टनांपर्यंत तूर घ्यायचा शब्द दिला गेला. पुढच्याच वर्षी आमच्याकडं तूर उदंड झाली. खरेदी केंद्रापुढं ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही, रात्री गाडीखालीच झोपायचं. सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीला २ लाख टनांची मर्यादा घातली, पण परदेशाला दिलेला शब्द तिच्यातून वगळला. करार पाळावा लागतो हे मला मान्य आहे. हमीभावाचा शब्द तेवढ्याच काटेकोरपणे का पाळला जात नाही, हे मात्र मला आजही सलतं.

तरी तुरीची एक जमेची बाजू आहे. धोका कळतो, आणि वेळेवर कळतो. ब्रह्मदेश आणि पूर्व आफ्रिका, एवढ्यावर नजर ठेवली की बहुतेक काम भागतं. बिनशुल्क आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवल्याचं जानेवारी २०२५ मध्येच जाहीर झालं. म्हणजे आपला माल बाजारात येईल तेव्हा दार उघडंच असणार, हे पेरणीआधी ठाऊक होतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० होता, मी तो धरूनच हिशेब करायला सांगितलं. २०२४ चे बारा हजार डोक्यातून काढ म्हटलं.

सोयाबीनचं तसं नाही. क्विंटलमागं साधारण १८ किलो तेल, उरलेलं बहुतेक पेंड, म्हणजे तेल काढल्यावर राहणारा चोथा, आणि दोन्हींची दोरी वेगवेगळ्या देशांच्या हातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं, सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलमध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली. तेल भडकलं, आणि मे महिन्यात सरकारनं सोयाबीन व सूर्यफुलाच्या दरसाल प्रत्येकी २० लाख टन कच्च्या तेलावरचं आयात शुल्क माफ केलं. शहरातल्या कढईचा विचार झाला, भाववाढ आमच्या खळ्यापर्यंत पोचायच्या आत दाबली गेली.

पेंडीचं गिऱ्हाईक इराण होता. आपण त्याच्या खनिज तेलाचे पैसे रुपयात जमा करायचो, त्यातून तो आपली पेंड घ्यायचा. अमेरिकेच्या निर्बंधांपुढं भारतानं मे २०१९ पासून ते तेल घेणं थांबवलं. रुपयाची थैली आटत गेली, तशी पेंडीची मागणीही. निर्णय तेहरान-वॉशिंग्टनच्या भांडणात झाला, फटका लातूरच्या सोयाबीन प्लँटला.

आयात शुल्काचं काय होईल याचा नेम नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २७.५ टक्के झालं, आम्ही सुखावलो. पण नेपाळशी शेजारधर्माचा बिनशुल्क व्यापार आहे, तिकडून रिफाइंड तेल आत येत राहिलं. मग ३० मे २०२५ ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ जाहीर झाला खरा, पण आदल्या हंगामात आमच्याकडं चार हजारांच्या आसपासच सौदे झाले.

म्हणून भावाला सांगितलं, निचऱ्याच्या दोन एकरांत नुसती तूर घाल, उरलेल्या तीन एकरांत चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. ज्याचं पीककर्ज थकलंय किंवा दिवाळीला हातात पैसा लागतोच, त्याला मात्र मी तूर सुचवणार नाही. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, मागून हरभरा पेरता येतो. तुरीचा पैसा जानेवारीशिवाय दिसत नाही, आणि तोवर सावकार थांबत नाही.