पाच माणसं, दोन बॅगा आणि एक हातपंप

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परभणीहून मनालीला जाऊन आलो. आम्ही दोघं, दोन लेकरं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. तिकीट सचखंड एक्स्प्रेसचं, थ्री एसी. सकाळी परभणीत बसायचं, दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर, तिथून पुढं गाडी करून डोंगर. वजनाची काळजी नव्हती. थ्री एसीत माणशी 40 किलो नेता येतं आणि तेवढं आमच्यानं उचलणारही नाही. काळजी बर्थखालच्या जागेची होती. पाच जणांचे स्वेटर, जर्किनं, कानटोप्या, आणि वरून आत्याबाईंनी जाहीर केलं की त्या आपली दुलई सोबत घेणार. हॉटेलात रजया असतात हे मी सांगून पाहिलं. "परक्याच्या पांघरुणात मला झोप लागत नाही." विषय संपला.

म्हणून हवा काढायच्या पिशव्या मागवल्या. ऑनलाइन, सहा पिशव्या आणि एक हातपंप, 649 रुपयांना. दोन मोठ्या, 80 बाय 60 सेंटीमीटरच्या, दोन मधल्या, दोन लहान. जाड पारदर्शक प्लास्टिक, तोंडाला दुहेरी चेन, ती दाबत नेणारी छोटी क्लिप आणि पोटावर एक गोल व्हॉल्व्ह. क्लिप पहिल्या दिवशीच सोफ्याखाली गेली, ती आजतागायत तिथंच असावी. बोटानं दाबूनही चेन लागते.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळं फूटपट्टी घेऊन बसले. दुलई घडी घालून 28 सेंटीमीटर उंच होती. चाळीसेक वेळा पंप मारल्यावर 9 वर आली. लेकरं बघतच राहिली. पंप कपडे दाबतो असं त्यांना वाटत होतं. पंप फक्त आतली हवा बाहेर काढतो, दाबायचं काम बाहेरची हवा करते. दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो. म्हणजे या मोठ्या पिशवीच्या एका अंगावर, आतली सगळीच हवा निघाली असती तर, पावणेपाच टनांच्या आसपास भार. हातपंपानं तेवढं कुठलं होतंय! पण सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात ही पिशवी नेली आणि हवेच्या दाबाचा धडा एका तासात संपवला. हा फायदा जाहिरातीत लिहिलेला नव्हता.

जीन्सच्या चार घड्या मात्र 16 वरून 13 वर आल्या आणि तिथंच अडून बसल्या. कारण उघड आहे. दुलईत कापूस कमी आणि हवा जास्त, तिची ऊबही त्या हवेचीच. जीन्समध्ये काढायला हवाच नाही. स्वेटर, जर्किन, लोकरीची शाल यांच्यासाठी पिशवी कामाची. जीन्स, टॉवेल, सुती साड्या यांच्यासाठी पंप मारणं म्हणजे नुसता हाताला व्यायाम. काठापदराची साडी तर चुकूनही घालू नका. मी एक घातली होती. जरीच्या काठावर पडलेल्या चुण्या इस्त्रीनंही पूर्ण गेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट, हवा काढल्यावर पिशवीची गुळाची ढेप होते. टणक, वेडीवाकडी, एका कोपऱ्याला जाड तर दुसऱ्याला पातळ. बॅगेच्या तळाला हँडलच्या दांड्यांचे उंचवटे असतात, त्यावर ही ढेप बसतच नाही, वाचलेली निम्मी जागा पोकळीत जाते. दोनदा डोकं आपटल्यावर युक्ती सापडली. कपडे भरलेली पिशवी आधी बॅगेत पसरायची, हातानं चारी कोपऱ्यांत सारायची आणि मग तिथंच पंप लावायचा. बॅगेचा आकार घेऊनच ती घट्ट होते. आणि पिशवी पाऊणच भरायची. काठोकाठ भरली की चेन लागते खरी, पण टिकत नाही.

ती टिकत नाही याचा साक्षात्कार गाडीत झाला. सचखंडला वाटेतल्या स्टेशनांवर गुरुद्वाऱ्यांचा लंगर मिळतो, म्हणून सरावलेले प्रवासी ताट-डबा हाताशी ठेवतात. आमची ताटं बॅगेत, दुलईच्या खाली. स्टेशन आलं, समोरचे सरदारजी दोन डबे घेऊन दारात उभे राहिले आणि मी बॅगेची चेन उघडली. दुलईनं रात्रीतून पोटभर हवा घेतली होती. बॅगेचं झाकण आपोआप वर आलं, दुलई अर्धी बाहेर आणि ताटांचा पत्ता नाही. आमच्या ह्यांनी तिच्यावर गुडघा रोवला, मी खालून हात घालून ताटं ओढली, तोवर बोगीत सगळ्यांची करमणूक. वरण-भात मिळाला, पण सरदारजींच्या डब्याच्या झाकणात. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी धोतरात बोचकं बांधायचे, ते असं फुगत नव्हतं."

नंतर नीट पाहिलं तर चेनच्या कोपऱ्यात दुलईचा एक दोरा अडकला होता. एकच दोरा, वीतभरही नाही. हवेला तेवढी वाट पुरते. तेव्हापासून चेन लावायच्या आधी दोन्ही खाचांतून बोट फिरवते.

मनाली साधारण 2000 मीटरवर. तिथं वेफर्सची पाकिटं उशीसारखी टम्म झाली, आणि न उघडलेल्या पिशव्याही जराशा सैल लागल्या. ती गळती नव्हे. वर हवेचा दाब कमी, म्हणून आत उरलेली थोडी हवा पसरते. घाबरून पुन्हा पंप मारू नका, मी मारला आणि त्यातच पंपाचा आतला वायसर गेला.

मग परतीचं भरताना पंप नाही. दोन्ही लेकरांना पिशवीवर बसवलं, व्हॉल्व्ह उघडा ठेवला, निम्मं काम झालं. मोजे आणि थर्मल पूर्ण वाळले नव्हते. तिथं उन्हं लवकर डोंगराआड जातात, कपडे वाळेचनात. "पिशवीत बंद केलेत, वास बाहेर येणार नाही," असं हे म्हणाले. वास बाहेर आला नाही हे खरं, तो तीन दिवस आतच मुरला. परभणीत पिशवी उघडली तेव्हा पावसाळ्यातल्या पोतडीसारखा भपकारा आला. ओलसर काहीही यात बंद करायचं नाही, अगदी सादळलेला रुमालसुद्धा.

सहापैकी चार पिशव्या अजून धडधाकट आहेत. एका मधल्या पिशवीला ब्लाऊजच्या हुकानं भोक पाडलं, ती चूक आमचीच. लहानांपैकी एक मात्र मुळातच शिवणीला गळकी होती. सायकलच्या ट्यूबसारखी बादलीत बुडवून पाहिली, कोपऱ्यातून बुडबुडे निघाले. विक्रेत्याला फोटो पाठवला तर बदलून घ्यायची 7 दिवसांची मुदत टळल्याचं उत्तर आलं. घरात आल्या-आल्या सगळ्या बुडवून पाहायला हव्या होत्या.

माझ्या भाचीकडं याचाच दुसरा प्रकार आहे, बिनपंपाचा. पोळीची गुंडाळी करावी तशी चेनच्या बाजूनं पिशवी गुंडाळत न्यायची, खालच्या काठाच्या एकेरी फटीतून हवा निघून जाते आणि परत आत येत नाही. पंपाइतकी घट्ट होत नाही. दुलईसाठी उपयोगाची नाही, ती गुंडाळणार कोण? पण स्वेटर-थर्मलला पुरते, आणि परतीच्या प्रवासात हॉटेलच्या खोलीत कुणाची गरज लागत नाही. मला विचाराल तर दोन मोठ्या पंपाच्या आणि चार गुंडाळायच्या, असा जोड हवा. तसा संच मला कुठं दिसला नाही.

विमानानं जाणाऱ्यांनी मात्र जपून. शाळेतल्या एका बाईंनी माझ्याच पिशव्या नेल्या, संभाजीनगरहून दिल्लीला जायला. जागा उरली म्हणून त्या भरत गेल्या, भरत गेल्या, आणि काउंटरवर 15 किलोच्या जागी काटा 19 वर. जादा वजनाचे पैसे भरून आल्या आणि पिशव्या परत देताना माझ्याशी जरा कमीच बोलल्या.

दुलई घरी आल्यावर पापडासारखी सपाट होती. गच्चीवर दिवसभर उन्हात टाकली, दुपारी काठीनं झोडली, संध्याकाळी पूर्वीसारखी फुगली. उन्हाळ्यात आता केरळचं चाललंय. तिकडं दुलई लागत नाही. हे अजून आत्याबाईंना सांगायचं आहे.