हेडलाइट मंद, पार्किंग लाइट वेडेवाकडे: सांधे साफ करावेत, रिले बसवावा की वायरिंगच बदलावं?

जुलैतल्या एका संध्याकाळी डिचोलीहून चोर्ला घाटाने बेळगावला निघालो होतो. घाटात धुकं उतरलं, हेडलाइट लावले, तर डावा दिवा नुसता लालसर. इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा पार्किंग लाइट त्याच्याबरोबर लुकलुकायचा. परत आल्यावर एका गॅरेजात ऐकलं, "वायरिंग संपलंय, सगळं बदला." गाडी वडिलांची मारुती 800. मी थांबलो, आणि ते बरं झालं. दोष होता बॅटरीशेजारच्या एका बोल्टात.

बल्बचं अर्थिंग बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीला परत जातं. तो सांधा गंजला की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून एक दिवा लावल्यावर भलताच उजळतो. गोव्यात चार महिने पाऊस आणि वर खारा वारा, त्यामुळे पहिला संशय इथेच घ्यावा. हेडलाइट चालू ठेवा, मल्टिमीटरची एक पिन बल्बच्या अर्थिंग टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. 0.2 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. माझ्याकडे 1.9 आलं. बोल्ट काढला तर थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवट-पांढरा थर. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, थिंबल नवं दाबलं, वर पेट्रोलियम जेली चोपडली. लुकलुकणं तिथेच थांबलं. खर्च जवळपास नाहीच, त्यामुळे पुढचं काहीही करण्याआधी एवढं कराच.

अर्थिंग चोख आहे आणि तरी उजेड कमी असेल, तर प्लसच्या बाजूला व्होल्ट गळतायत. 60/55 वॉटचे दोन बल्ब डिपरवर मिळून नऊएक अँपिअर ओढतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि आतले पॉइंट काळे पडतात. व्होल्टेज 10 टक्के घटलं तर उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. इथे रिलेच हवा, म्हणजे जुन्या स्विचच्या थोड्याशा करंटवर चालून बल्बचा मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच. रिलेच्या 30 नंबरच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरी, 87 वरून बल्ब, 86 ला जुन्या स्विचची वायर आणि 85 ला अर्थिंग. अपर आणि डिपरला वेगवेगळा रिले, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीला अगदी लागून. रिलेची टोकं खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचेल. काही गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, तेव्हा जोडणी आधी तपासून घ्या. रात्री घाटातून नेहमी जाणाऱ्याला मी रिलेच सुचवेन.

पूर्ण वायरिंग बदलणं मला सहसा पटत नाही. डॅशबोर्ड उघडावा लागतो, आणि घाईत दाबलेला प्रत्येक नवा कपलर (वायर जोडणारा प्लग) हा नवा दोष होऊ शकतो. वायर वाकवताच आवरण तडकत असेल, सोलल्यावर तांबं लांबपर्यंत काळं निघत असेल किंवा जागोजागी टेप मारलेले जोड असतील, तरच तो विचार करा. केरी, मोरजीकडे किनाऱ्यालगत वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची ही गत होऊ शकते. तेव्हाही आधी फक्त पुढचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलून पाहावा.

100 वॉटचे बल्ब घालू नका, होल्डर वितळतात. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीही नको, समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो.

पार्किंगचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे शॉर्ट आहे. पार्किंगचे, टेललाइटचे, नंबरप्लेटचे आणि मीटरचे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी 21 वॉटचा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. शॉर्ट असेपर्यंत तो भक्क पेटतो. मग वायर एकेक हलवत जायचं. माझ्या गाडीत डिक्कीच्या बिजागरीशी, नंबरप्लेटची वायर जिथे रोज वाकते तिथे, बोट लावलं आणि बल्ब विझला.