चेहऱ्यांत रमलेला, ठिपक्यांत अडखळलेला कुंचला

या चित्रकाराच्या नव्या प्रदर्शनात व्यक्तिचित्रे आणि पॉप आर्टच्या (जाहिराती, कॉमिक्स, रोजच्या वस्तू यांतून विषय घेणाऱ्या कलेच्या) वळणाची चित्रे शेजारीशेजारी मांडली आहेत, आणि दोहोंतले अंतर पहिल्याच फेरीत जाणवते. व्यक्तिचित्रांवर हात चांगलाच बसलेला आहे. खिडकीशी बसलेल्या वृद्धेच्या तैलचित्रात गालावरच्या सावलीसाठी काळ्याऐवजी हिरवट, मातकट छटा वापरली आहे, त्यामुळे कातडीखालचे रक्त जिवंत वाटते. डाव्या डोळ्याच्या कडेला मात्र सुरीने रंग खरवडून कॅनव्हास उघडा ठेवला आहे आणि नजर तिथेच खिळते. मांडीवरचे हात घाईत उरकलेले दिसतात, पण त्याची रुखरुख फार वेळ टिकत नाही.

पॉप आर्टच्या चित्रांबद्दल तसे म्हणवत नाही. या कलेतले अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली आणि त्याच वर्षी ते सिल्कस्क्रीनकडे, म्हणजे जाळीदार कापडातून शाई दाबून छापण्याकडे, वळले. त्या छपाईत शाई कुठे दाट तर कुठे फिकी उतरे, आणि त्या उणिवांमुळेच एकाच चेहऱ्याच्या प्रती एकमेकींपासून वेगळ्या होत. येथे चार चौकटींतला चेहरा इतक्या काटेकोरपणे रंगवला आहे की रंगाखेरीज काहीच बदलत नाही. याच कलेतले चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांच्या धर्तीचे छपाईचे ठिपकेही निव्वळ पार्श्वभूमी भरतात. अपवाद एका आत्मचित्राचा: जवळ गेल्यावर त्यातला चेहरा ठिपक्यांत विरघळतो आणि चार पावले मागे सरकताच पुन्हा जुळून येतो. बाहेर पडण्यापूर्वी त्या चित्रापाशी मी दोनदा परतलो.