दारात स्टोरेज कंटेनर ठेवून हळूहळू घर हलवणार असाल तर आधी हे वाचा

हे लिहायला मला दोन महिने लागले, आधी राग शांतच होत नव्हता. पण परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, एडिसनहून टेक्सासला चाललेत, नवरा आधी जाणार, ती आणि मुलं शाळा संपल्यावर, आणि म्हणाली ताई आम्ही दारात कंटेनर मागवतोय, हळूहळू भरू. अगदी आमच्यासारखंच. फोन ठेवला आणि लिहायला बसले.

नवऱ्याला फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनामध्ये केरीला नोकरी लागली. मुलगी आठवीत, न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या शेवटापर्यंत चालतात, मध्येच काढायची नव्हती, म्हणून तो पुढे गेला आणि आम्ही दोघी इथेच. मूव्हर्स बोलावून एका दिवसात सगळं उरकण्यापेक्षा ड्राइव्हवेवर १६ फुटी कंटेनर ठेवायचा, शनिवार-रविवारी चार-सहा खोकी भरायची आणि जूनमध्ये तो तसाच उचलून तिकडे पाठवायचा असं ठरवलं. ही कल्पना मला आजही चुकीची वाटत नाही, खूप जण असं करतात आणि व्यवस्थित पोचतात.

चूक झाली ती कंपनी निवडताना. मी एका साइटवर फॉर्म भरला, तर अर्ध्या तासात सहा-सात फोन. त्यातला एक माणूस फार गोड बोलणारा, म्हणाला मॅडम आजच बुक केलंत तर महिना १७९ डॉलर, रिकामा कंटेनर दारात आणून द्यायचे ९९ आणि केरीपर्यंत न्यायचे १८५०. म्हणजे चार महिन्यांचे धरून २६६५. बाकीच्या सगळ्यांपेक्षा हजारभर कमी. फोनवर तो सारखं "पॉड पाठवतो, पॉड पाठवतो" म्हणत होता. इथे सगळे अशा कंटेनरला पॉडच म्हणतात पण ते खरं एका मोठ्या कंपनीचं नाव आहे, आणि आमचा माणूस त्या कंपनीचा नव्हता, तिचा ह्यात काहीच संबंध नाही हे मुद्दाम सांगते. मी मात्र मनात धरून बसले की नाव ऐकलेलं आहे म्हणजे ठीक असेल. ६०० डॉलर डिपॉझिट झेलवर, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या इथल्या सोयीने, पाठवले. कार्ड का नाही विचारलं तर म्हणाला कार्डाला तीन टक्के जास्त पडतात. पुढचं भाडं मात्र कार्डावर ऑटो-पे.

कंटेनर आला तो वेगळ्याच नावाच्या ट्रकवर. ड्रायव्हरने टॅबलेट पुढे केला, इथे सही करा, दुसरी डिलिव्हरी आहे, घाई आहे. मी केली. सातारहून सासऱ्यांनी त्याच रात्री फोनवर विचारलं होतं, "अगं, कागद वाचलास का नीट?" मी हो म्हणाले. वाचला नव्हता. ईमेलवर आलेली अकरा पानं मी एप्रिलमध्ये वाचली, कार्डावर १७९ च्या जागी २८९ गेले तेव्हा. त्यात लिहिलं होतं की १७९ फक्त पहिल्या महिन्याचा प्रमोशनल रेट, आणि शेवटच्या ट्रान्सपोर्टचा दर "त्या वेळी चालू असेल तो". १८५० हा आकडा अकरा पानांत कुठेही नव्हता.

मार्चच्या मध्यावर आमच्या टाउनहाऊस असोसिएशनचं पत्र आलं, ड्राइव्हवेवर कंटेनर चालणार नाही, दहा दिवसांत हलवा. हे मी आधी विचारायला हवं होतं, तुम्ही असोसिएशनला आणि टाउनशिपला दोघांनाही आधी विचारा. कंपनीला फोन केला तर म्हणाले काही हरकत नाही, आमच्या यार्डात ठेवतो, वीस मिनिटांवर आहे, कधीही या. आणि इथेच सगळं आमच्या हातातून गेलं, कारण कंटेनर दारात असेपर्यंत निदान सामान काढून घेता येतं, एकदा गेला की कुलूप आपलं पण गेट त्यांचं. यार्ड वीस मिनिटांवर नव्हतं, पेन्सिल्व्हेनियात अॅलनटाउनच्या बाजूला, दीड तासावर. जायचं तर ४८ तास आधी कळवायचं आणि दर खेपेला ७५ डॉलर. हळूहळू भरायचं म्हणून घेतलेला कंटेनर, त्यात मी नंतर दोनदाच जाऊ शकले, बाकीची खोकी घरातच रचून ठेवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रान्सपोर्टची तारीख मागायला फोन केला तर आकडा आला ४९०० डॉलर, तोही मनी ऑर्डरने. का, तर वजन जास्त आहे आणि सीझन आहे. वजनाची पावती मागितली तर नाही, कुठे तोललं तर सांगेना. वर म्हणाला भरलं नाहीत तर भाडं चालू राहील आणि थकलं तर सामानाचा लिलाव करायचा आम्हाला हक्क आहे. भाडं थकलं तर स्टोरेजवाले नोटीस देऊन लिलाव करू शकतात हे इथल्या राज्यांच्या कायद्यात खरंच आहे, म्हणून मी घाबरले. आईची पैठणी त्यात, मुलीचे लहानपणीचे अल्बम त्यात, लग्नातली तांब्या-पितळेची भांडी त्यात. त्या रात्री मी झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने एफएमसीएसएकडे, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेणाऱ्यांवर देखरेख करणारं जे फेडरल ऑफिस आहे तिथे चौकशी केली, आणि जे कळलं ते प्रत्येकाने लक्षात ठेवा. मूव्हर्सची माणसं येऊन सामान भरतात तेव्हा तुम्हाला संरक्षण असतं, एस्टिमेट नॉन-बाइंडिंग, म्हणजे नुसता अंदाज, असलं तरी सामान उतरवून देताना त्याच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे अडवून मागता येत नाहीत, उरलेल्याचं बिल नंतर. पण कंटेनर पूर्णपणे तुम्हीच भरणार आणि तुम्हीच रिकामा करणार असाल तर तो घरसामान-मूव्हरच्या व्याख्येतच बसत नाही, आणि हा ११० टक्क्यांचा नियम तिथे लागत नाही. म्हणजे कंटेनरच्या बाबतीत तुमचा करार हाच तुमचा आधार, आणि आमच्या करारात तर आकडाच नव्हता.

मग त्याच ऑफिसच्या साइटवर कंपनीचा यूएसडॉट नंबर, म्हणजे तिचा फेडरल नोंदणी क्रमांक, टाकून बघितला. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, फेब्रुवारीत केलं असतं तर हे सगळं टळलं असतं. कंपनी किती ट्रक चालवते, किती ड्रायव्हर आहेत, आणि ती कॅरियर आहे, म्हणजे स्वतः सामान नेणारी, की ब्रोकर, म्हणजे मधला दलाल, सगळं तिथे दिसतं. आमची कंपनी ब्रोकर निघाली. एकही ट्रक नाही, एकही कंटेनर स्वतःचा नाही, फक्त फोनवर बोलणारी माणसं.

सुटलो ते एका कागदामुळे. यार्डात दुसऱ्यांदा गेले तेव्हा गेटवर दिलेली पावती मी पर्समध्ये ठेवली होती, तिच्यावर यार्डाचं खरं नाव आणि फोन. थेट मालकाला फोन लावला. तो म्हातारा माणूस, शांतपणे म्हणाला मला त्यांनी मे आणि जूनचे पैसेच दिलेले नाहीत. म्हणजे आमच्या कार्डावरून दर महिन्याला २८९ जात होते आणि यार्डाला काहीच नाही! त्याचे ६४० डॉलर भरा आणि सामान घेऊन जा म्हणाला, तेही लिहून दिलं. आम्ही २६ फुटी भाड्याचा ट्रक घेतला, त्याला इथे साधं लायसन्स चालतं, मंडळातले चार मित्र सकाळी सहाला आले, यार्डात कंटेनर रिकामा केला, मग घरची खोकी, आणि नवऱ्याने आय-९५ ने रात्रभर चालवत केरी गाठलं. त्या चौघांचे उपकार मी विसरणार नाही.

कंटेनर उघडला तेव्हा आतून वाफ आल्यासारखा कुबट वास आला. पत्र्याचा डबा, दिवसा तापतो रात्री गार होतो आणि छताला आतून पाणी धरतं. तळाला लाकडी पॅलेट टाकायला हवे होते, कपडे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायला नको होते. पैठणीवर पिवळे डाग पडलेत, पुस्तकांची दोन खोकी फेकून दिली. करारात नुकसानभरपाई होती पौंडाला ६० सेंट. पैठणी साधारण अर्धा किलोची, करा हिशेब. घराच्या इन्शुरन्समध्ये बाहेर ठेवलेल्या सामानाला किती कव्हर आहे हे आधीच एजंटला ईमेलवर विचारून घ्या. आणि एक खोकं, नंबर १४, ज्यात सासूबाईंनी दिलेलं पुरणयंत्र होतं, ते मिळालंच नाही.

पैशांचं म्हणाल तर झेलचे ६०० गेले, बँक म्हणाली तुम्ही स्वतः पाठवलेत. कार्डावरचे शेवटचे दोन हप्ते परत आले कारण स्टेटमेंटनंतर ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार केली होती, त्याआधीच्यांची मुदत गेलेली. न्यू जर्सीच्या कन्झ्युमर अफेअर्सकडे आणि एफएमसीएसएकडे तक्रार घातली आहे, नंबर मिळालाय, अजून उत्तर नाही.

त्या मुलीला मी फोनवरच चार गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या, कंटेनर कोणाच्या मालकीचा, दारातून हलवला तर कुठल्या पत्त्यावर ठेवणार, चौथ्या महिन्याचं भाडं किती, आणि शेवटच्या ट्रान्सपोर्टचा आकडा आजच्या तारखेने ईमेलवर. तिने काल विचारलं. तो माणूस म्हणाला ते सगळं नंतर बघू, डिस्काउंट आज रात्रीपर्यंतच आहे. तिने पैसे पाठवले नाहीत.