बर्गरचं नंतर, आधी पाव

बावीस वर्षं वसईत बेकरी चालवली. त्यामुळे लेकीने पहिल्या पगारातून वांद्र्याच्या एका महागड्या बर्गरवाल्याकडे नेलं, तेव्हा ताट आल्या आल्या मी वरचा पाव उचलून उलटा केला. "पप्पा, लोक बघतायत!" बघू देत.

ब्रिओश होता, म्हणजे अंडी-लोणी घातलेला फ्रेंच पाव, आणि खराखुरा. पिवळा रंग टाकून, वर अंड्याचा हात फिरवून ब्रिओश म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत. हा दाबला तर सावकाश वर आला, बोटाला लोण्याचा ओशटपणा लागला. अंडी-लोण्याचं पीठ जड, लादीपावासारखं झटपट फुगत नाही. रात्रभर थंडीत आंबवलं तर नीट वळतं. कुणीतरी ती रात्र दिली होती. कापलेली बाजूही तव्यावर लालसर भाजलेली, म्हणजे रस आत शिरायला अडतो.

पण अडला नाही. खालचा पाव चौथ्या घासाला भिजून हातात आला, कारण व्हिनेगरमधली काकडी न निथळता थेट त्याच्यावर ठेवलेली. सॅलडचं एक पान मध्ये घातलं असतं तर भागलं असतं. त्यात बर्गर एवढा उंच की मधोमध काडी खुपसून उभा केलेला. जबडा कितीही उघडा, एका घासात सगळे थर येत नाहीत.

मी डबल स्मॅश, म्हणजे खिम्याच्या दोन चेपलेल्या टिक्क्यांचा बर्गर, घेतला होता. मेन्यूत 'बफ' लिहिलंय. 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाचं मांसही बंद, तेव्हा हे म्हशी-रेड्याचंच. त्यात चरबी कमी, वरून मिसळावी लागते. इथे मिसळली होती, ते कडांवरून कळलं. तापलेल्या तव्यावर गोळा पडताच दाबून चेपला की कडेला तपकिरी, कुरकुरीत जाळी धरते. ती मी आधी मोडून खाल्ली. दुसरी मागायची लाज वाटली, एवढंच. लेकीच्या चिकन बर्गरला मात्र मेयोनीजशिवाय चव नव्हती.

ट्रफल फ्राइज 395 रुपये. ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी महागडी, वासाची अळंबी; ट्रफल तेलात बहुतेक वेळा ती नसतेच, कारखान्यातला वास असतो. दोन बर्गर, फ्राइज, एक लिंबू सोडा मिळून 2010, वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज परस्पर लावलेला. तो सक्तीने लावता येत नाही, 2022 पासून तसे निर्देशच आहेत. काढा म्हटलं, मुकाट्याने काढला. 5 टक्के जीएसटी धरून 2110 रुपये 50 पैसे.

निघताना वेटरला विचारलं, पाव इथेच भाजता का? आत जाऊन आला. "नाही सर, बाहेरून येतो." कुठून? ते सांगायची परवानगी नाही म्हणे. मेन्यूत चीज कुठलं, मध कुठला, सगळं छापलंय. ज्याच्या पावावर हे दुकान उभं आहे, त्या बेकरीचं नाव तेवढं नाही.